रात्रीच्या विमानांचा आवाज : डेसिबल सोडा, अटींचा कागद धरा

वाचकाचे पत्र : आमचा वाडा धावपट्टीच्या टोकापासून साडेचार-पाच किलोमीटरवर आहे, अगदी विमानांच्या रेषेत. पूर्वी रात्री अकरानंतर शांत असायचे. आता हंगामात दीड-दोन वाजेपर्यंत विमाने उतरतात. मुलाने मोबाइलवर ॲप घालून मोजले तर ८२ डेसिबल आले. रहिवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ आहे असे वाचले. विमानतळाला दोन पत्रे दिली, उत्तर आले की सर्व नियमांचे पालन होते. ग्रामसभेत ठरावही झाला, पुढे काही नाही. विमानांच्या संख्येला काही मर्यादा असते का? असल्यास ती पाळायला लावण्यासाठी जायचे कुणाकडे? आणि सासूबाईंची खोली कौलारू आहे, तिला डबल काचेच्या खिडक्या बसवून उपयोग होईल का? कृपया गावाचे नाव छापू नये.

उत्तर :

‘८२ विरुद्ध ४५’ हा हिशेब घेऊन कुठल्याही टेबलासमोर बसलात तर पहिल्या पाच मिनिटांत हराल. त्रास खोटा आहे म्हणून नव्हे. ते दोन आकडे एका जातीचेच नाहीत. ८२ हा विमान डोक्यावर असतानाच्या क्षणाचा कमाल आवाज. ४५ ही ध्वनिप्रदूषण नियम, २००० मधली रात्री १० ते सकाळी ६ या आठ तासांची सरासरी. शिवाय विमानतळाभोवती वेगळे आकडे लागतात. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने जून २०१८ मध्ये विमानतळ ध्वनिक्षेत्रासाठी स्वतंत्र मानके काढली. वर्षाला ५० हजारांहून जास्त उड्डाणे-उतरणी असलेल्या विमानतळाला दिवसा ७० आणि रात्री ६५. त्याहून कमी असेल तर दिवसा ६५ आणि रात्री ६०. वर्षाला ५० हजार म्हणजे रोजची सरासरी १३७. तुमचा विमानतळ कुठल्या रांगेत बसतो हे भारतीय विमानतळ प्राधिकरण दर महिन्याला विमानतळनिहाय आकडे प्रसिद्ध करते त्यातून काढता येते. त्यासाठी कुणाला विचारायला नको.

आता ही सरासरी काय करते ते बघा. एक विमान वरून गेल्याचा सगळा आवाज एका सेकंदात कोंबला तर जो आकडा येतो त्याला त्या घटनेची ध्वनिपातळी म्हणतात. कमाल ८० च्या आसपास वाजणाऱ्या विमानाची ती साधारण ९० धरा. आठ तास म्हणजे २८,८०० सेकंद. एवढ्या वेळावर तो आवाज पसरला की ९० मधून ४४.६ वजा होतात, उरतात ४५.४. रात्रीत अशी दहा विमाने उतरली तर सरासरी होते ५५.४. म्हणजे दहा वेळा घर जागे झाले, तरी कागदावर ६० च्या आत. मर्यादा गाठायला एका रात्रीत अशी २९ विमाने लागतील, आणि ६५ वाल्या विमानतळाला ९१. उलट बाजूनेही हेच. विमाने निम्मी झाली तरी सरासरी फक्त ३ डेसिबलने उतरते. ‘सर्व नियमांचे पालन होते’ हे उत्तर म्हणूनच इतक्या निर्धास्तपणे येते, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत विमानांच्या आवाजासाठी रात्रीची पातळी ४० सुचवली आहे. निवेदनात ती जरूर घाला, पण तिच्यावर खटला उभा राहत नाही.

मग धरायचे काय? कबुली. विमानतळाने परवानगी घेताना लेखी जे मान्य केले, ते.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. मर्यादा असते, पण लोक तीन वेगवेगळे आकडे एकत्र करतात. टर्मिनलची क्षमता वर्षाला इतके लाख प्रवासी अशी असते. धावपट्टीची क्षमता तासाला इतकी विमाने अशी, आणि स्लॉट, म्हणजे प्रत्येक विमानाला उतरायची-उडायची ठरवून दिलेली वेळ, त्यावरून वाटले जातात. तिसरा आकडा पर्यावरण मंजुरीत गृहीत धरलेला, ज्याच्यावर आवाजाचा अंदाज बांधलेला असतो. गोव्यातल्या मोपा विमानतळाचा पहिला टप्पा वर्षाला ४४ लाख प्रवाशांचा होता. एका विमानात सरासरी १५० माणसे धरली तर त्याची होतात सुमारे २९,३०० उड्डाणे-उतरणी, दिवसाला ८०. तेच ६० माणसांच्या छोट्या विमानांनी आणले तर ७३ हजारांवर जातात. प्रवाशांची मर्यादा पाळूनही विमाने अडीचपट होऊ शकतात, आणि मालवाहू व खासगी जेट तर प्रवाशांच्या हिशेबात जवळपास येतच नाहीत. म्हणून ‘प्रवासी किती’ हा प्रश्न सोडा. ‘आवाजाचा अंदाज काढताना दिवसाला आणि रात्रीला किती विमाने धरली होती’ हे विचारा. पर्यावरण आघात अहवालात तो आकडा असतो, ध्वनी प्रकरणाच्या तक्त्यात. आज रात्री उतरणारी विमाने त्याहून जास्त असतील तर तुमच्या हातात खरा मुद्दा आला. लंडनच्या हीथ्रोला वर्षाला ४,८०,००० विमानांची जी मर्यादा आहे तीसुद्धा डेसिबल मोजून आलेली नाही. पाचव्या टर्मिनलच्या परवानगीची ती अट आहे.

गोव्यात दोन विमानतळ आहेत आणि तुम्ही नाव दिले नाही, तेव्हा दोन्हींचे सांगतो. रस्ते बरेच वेगळे आहेत.

मोपा विमानतळ खासगी कंपनी चालवते, सरकारशी केलेल्या सवलत करारावर. पर्यावरण मंजुरी ऑक्टोबर २०१५ ची. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये ती स्थगित केली, १६ जानेवारी २०२० ला स्थगिती उठवली आणि अटींवरची देखरेख नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेकडे दिली. नागरी विमाने ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झाली. इथे कागद भरपूर आहेत आणि ते मागता येतात. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मंजुरी घेतलेल्या प्रत्येकाने दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पूर्ततेचा अहवाल द्यायचा असतो आणि तो सार्वजनिक दस्तऐवज असतो. मंजुरीपत्र पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर शोधा. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचा चालवण्याचा परवाना वेगळा, त्याच्या अटी वेगळ्या. मंडळाचे कार्यालय साळगावात आहे.

दाबोळीची गोष्ट निराळी. जमीन आणि धावपट्टी नौदलाच्या आयएनएस हंसा या हवाई तळाची, हवाई नियंत्रणही नौदलाचे; प्राधिकरणाकडे फक्त नागरी भाग. नौदलाच्या मिग-२९के लढाऊ विमानांचा आवाज असेल तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, काही करू शकत नाही, कारण लष्करी विमाने त्याच्या कक्षेत नाहीत. नोंदवहीत नागरी आणि नौदलाचे विमान यांची सरमिसळ झाली की सगळी वहीच बाद ठरवायला कारण मिळते. नौदलाच्या सरावाचा प्रश्न जिल्हाधिकाऱ्यांमार्फत तळाच्या कमांडिंग ऑफिसरकडे न्या, नागरी विमानांचा विमानतळ संचालकाकडे आणि खासदार अध्यक्ष असतात त्या विमानतळ सल्लागार समितीकडे. विमानतळ पर्यावरण व्यवस्थापन समिती नावाचीही एक गोष्ट असते; नाव ऐकून तिकडे धावू नका, ती पक्षी आणि कचरा बघते.

आता नोंदवही. मुलाने एकदा मोजून ८२ काढले त्याचा उपयोग शून्य. तीस रात्री सलग लिहा, चार घरांत, धावपट्टीपासून वेगवेगळ्या अंतरावर. तारीख, वेळ मिनिटापर्यंत, उतरले की उडाले, वारा कुठून, विमान ट्रॅक करणाऱ्या ॲपवर दिसलेला फ्लाइट क्रमांक आणि उंची. ज्या रात्री काहीच आले नाही ती रात्रही लिहा, ‘शून्य’ म्हणून. फक्त वाईट रात्री लिहिलेली वही पहिल्याच बैठकीत उघडी पडते. जत्रा, फेस्त, चवथीच्या आरत्या चालू असतील तर तसे लिहा. पावसाळ्यात बेडकांनी आणि पत्र्यावरच्या पावसाने मूळ आवाजच वर गेलेला असतो, त्या महिन्यांतली मोजमापे वेगळी ठेवा.

वेळेची एक चूक जवळजवळ सगळे करतात. विमानांची अधिकृत नोंद यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तुमच्याकडे १२ तारखेला रात्री २ वाजता उतरलेले विमान त्यांच्या वहीत ११ तारखेला २०.३० ला असते. तक्रारीत फक्त भारतीय वेळ दिली की ‘त्या वेळी कोणतेही विमान नव्हते’ असे उत्तर येऊ शकते, आणि ते लिहिणारा खोटे बोलत नसतो. दोन्ही वेळा, दोन्ही तारखा लिहा.

उंचीचेही तसेच. ॲपवरची उंची हवेच्या १०१३.२५ हेक्टोपास्कल या प्रमाण दाबावर बेतलेली असते. पावसाळ्यात आपल्याकडे दाब १००५ पर्यंत उतरला की विमान ॲपवर दिसते त्यापेक्षा सुमारे २२० फूट खाली असते. शिवाय ती उंची समुद्रसपाटीची. गाव डोंगरावर असेल तर गावाची उंची वजा करायची. हे न करता ‘विमान नियमापेक्षा खाली आले’ असे लिहू नका. उतरणारी विमाने ३ अंशांच्या उतारावर येतात, म्हणजे दर किलोमीटरला साधारण ५२ मीटर. धावपट्टीच्या टोकावरचे १५ मीटर धरून तुमच्या ५ किलोमीटरवर ते धावपट्टीच्या पातळीपासून पावणेतीनशे मीटर वर असणार, आणि असायलाच हवे. ‘अजून उंचावरून आणा’ ही मागणी त्यामुळे फुकट जाते. सगळ्यांत जास्त निवेदनांत असते ती हीच.

आवाज मोजायचा असेल तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडून दोन-तीन रात्री क्लास १, म्हणजे सर्वांत अचूक वर्गाच्या, मीटरने मोजून घ्या. मीटर जमिनीपासून १.२ ते १.५ मीटर उंच, भिंतीपासून साडेतीन मीटर लांब, वर स्पंजची टोपी, सुरुवातीला आणि शेवटी ९४ डेसिबलच्या कॅलिब्रेटरवर तपासलेला. त्याच रात्री मुलाचा मोबाइल शेजारी ठेवा. मोबाइल किती जास्त-कमी दाखवतो ते कळले की पुढचे महिनाभराचे आकडे निदान तुलनेला चालतील. अहवालात सरासरीबरोबर प्रत्येक विमानाची कमाल पातळी आणि घटनेची ध्वनिपातळी मागून घ्या. नुसती सरासरी दिली तर पैसे वाया.

माहितीचा अधिकार २००५ चा आहे, शुल्क १० रुपये, उत्तर ३० दिवसांत. खासगी कंपनीकडे अर्ज टाकून वाट बघू नका. कायद्याच्या कलम २(च) प्रमाणे सरकारी कार्यालय एखाद्या कायद्याखाली खासगी संस्थेकडून जी माहिती मिळवू शकते, तीही ‘माहिती’ असते. म्हणून अर्ज प्रदूषण मंडळ, डीजीसीए आणि पर्यावरण मंत्रालयाकडे. मजकूर असा काहीसा ठेवा : ‘सदर विमानतळाच्या पर्यावरण मंजुरीतील व चालवण्याच्या परवान्यातील ध्वनीविषयक सर्व अटींच्या प्रती, मागील चार सहामाही पूर्तता अहवाल, ध्वनिमापनाच्या मूळ तक्त्यांसह, मापन केंद्रांचे अक्षांश-रेखांश देऊन, घोषित विमानतळ ध्वनिक्षेत्राचा नकाशा, रात्री १० ते ६ या वेळेतील उड्डाणे व उतरणी, महिनावार.’ ‘कारवाई का केली नाही’ असे विचारू नका, कारणे सांगायला माहिती अधिकारी बांधील नसतो. नकाशा मात्र सोडू नका. वाडा ध्वनिक्षेत्राच्या बाहेर असेल तर तिथे साधी रहिवासी मर्यादा, ५५ आणि ४५, बोलायला मोकळी होते. आणि मापन केंद्र टर्मिनलच्या गच्चीवर असेल, धावपट्टीच्या रेषेत एकही नसेल, तर ते एका ओळीत सगळ्यांना समजते.

उत्तर नाही आले तर ३० दिवसांत पहिले अपील, त्यानंतर ९० दिवसांत आयोगाकडे : राज्याच्या कार्यालयासाठी गोवा राज्य माहिती आयोग, केंद्राच्या कार्यालयासाठी केंद्रीय आयोग.

ग्रामसभेचा ठराव पुढे का गेला नाही त्याचे कारण बहुधा ठरावातच असेल. ‘आवाज कमी करावा’ यावर कुणीच काही करू शकत नाही. पूर्ण करता येतील अशा मागण्या लिहा, आणि थोड्या. डीजीसीएच्या नागरी विमान वाहतूक आवश्यकतांमधला विभाग १० पर्यावरणाचा आहे, त्यात विमानतळावरच्या आवाजाच्या व्यवस्थापनाची तरतूद आहे. मागण्या त्या भाषेत मांडल्या की टेबलावरचा माणूस त्या बाजूला सारू शकत नाही. रात्री ११ नंतर रिव्हर्स थ्रस्ट, म्हणजे उतरल्यावर वेग कमी करायला इंजिनाचा जोर उलटा वळवणे, फक्त आयडलवर (इंजिनाच्या किमान जोरावर), सुरक्षेसाठी लागेल तेव्हाचा अपवाद धरून. उभ्या विमानाची एपीयू, म्हणजे शेपटीतले छोटे इंजिन, बंद ठेवून विमानतळाची वीज आणि थंड हवा वापरणे. एकाच जागी तासभर घूं करत राहणारा आवाज बहुतेक वेळा तिचाच असतो. दुरुस्तीनंतरची इंजिन चाचणी रात्री नाही. सलग उताराने लँडिंग, चाके उशिरा खाली. या गोष्टी एआयपीमध्ये, म्हणजे वैमानिकांसाठीच्या अधिकृत माहितीपुस्तकात विमानतळाच्या भागात, ध्वनिनियंत्रणाच्या एडी २.२१ या परिच्छेदात, लिहिलेल्या असायला हव्यात. एआयपी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येते. आपल्या विमानतळाचा परिच्छेद आधी वाचा. तिथे काही नसेल तर ‘तो भरा’ हीच तुमची पहिली मागणी, आणि असेल तर तो पाळला जातो का हे विचारणे.

दाबोळीकरांना आणखी एक मागता येते. तिथली धावपट्टी ०८/२६, पश्चिम टोक समुद्राकडे. हिवाळ्यात रात्रीचा वारा मंद आणि जमिनीकडून समुद्राकडे, तेव्हा समुद्राच्या बाजूने येऊन पूर्वेकडे तोंड करून उतरणे वाऱ्याला धरून आहे. उड्डाण मात्र समुद्राकडेच हवे असेल तर मागचा वारा ५ नॉटच्या आत असावा लागतो, आणि उतरणारी व उडणारी विमाने समोरासमोर येत असल्याने विमाने विरळ असतील तेव्हाच जमते. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा आणि ओली धावपट्टी, तेव्हा मागूच नका. मोप्याला समुद्र टोकाशी नाही. तिथे मार्ग वळवा म्हटले की आवाज पेडण्याच्या एका वाड्यावरून दुसऱ्यावर किंवा पलीकडे सावंतवाडीच्या गावांवर जातो, आणि महिनाभरात गावेच एकमेकांविरुद्ध निवेदने द्यायला लागतात.

वेळ चुकवू नका. हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होते, तिकिटे त्याच्या कितीतरी आधी विकली जातात. रात्रीच्या स्लॉटवरचे निवेदन जुलैत पोचले पाहिजे. डिसेंबरमध्ये मोर्चा काढलात तर फोटो येतील, वेळापत्रक हलणार नाही. निवेदनाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या, तारखेसह. एअरसेवा या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकू नका, ते प्रवाशांसाठी आहे. केंद्राच्या कार्यालयांसाठी सीपीग्राम्स हे तक्रार पोर्टल, तिथे निपटाऱ्याला २१ दिवस धरलेले असतात. विस्ताराचा प्रस्ताव आल्याचे कानावर आले तर सगळी कामे सोडून त्यामागे लागा. जनसुनावणी ठेवली तर किमान ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि तुमची नोंदवही तिथे लेखी देता येते. रात्रीच्या विमानांची कमाल संख्या मंजुरीची अट म्हणून घालून घेण्याची तेवढी एकच सोपी संधी असते.

अट मोडल्याचा कागद हातात आला आणि मंडळ हलले नाही, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पुण्याचे पश्चिम विभागीय खंडपीठ. कलम १४ खालचा अर्ज वादाचे कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत हवा, कारण पटले तर आणखी ६० दिवस. पत्रव्यवहारात दीड वर्ष घालवून तिथे गेलेले अर्ज मुदतीवरच अडकतात. म्हणून नवे वेळापत्रक, नवा टप्पा, अट न पाळल्याचे दाखवणारा ताजा सहामाही अहवाल, असे तारखेचे काहीतरी कारण धरून जा आणि वकिलाला पहिल्याच भेटीत मुदत विचारा.

राहिली सासूबाईंची खोली. कौलारू घरात डबल काचेवर एवढ्यात खर्च करू नका. विमानाचा आवाज वरून येतो, आणि मंगळुरी कौलांच्या सांध्यांतून आणि भिंत-छपराच्या फटीतून तो खोलीत उतरतो. खिडकी कितीही चांगली असली तरी फट उघडी असेपर्यंत तिचा फरक जाणवणार नाही. आधी वाशांखाली जिप्सम बोर्डाचे दोन थर, वर ५० मिलिमीटर रॉकवूल, बोर्डाच्या कडा सीलंटने बंद, भिंतीवरचे जाळीचे झरोके बुजवलेले. कौलाखाली हवा खेळती ठेवा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात वासे कुजतील. मग दरवाजाच्या खालची फट आणि खिडकीच्या चौकटीभोवतीची रबराची पट्टी. खिडकी यानंतर, आणि तीही साध्या ५ मिलिमीटरऐवजी लॅमिनेटेड काचेची. झरोके बुजवले की खोली कोंडते, तेव्हा पंख्यावर भागणार नाही. एसीचा बाहेरचा युनिट त्यांच्या उशाच्या भिंतीवर लावू नका.